सॉकेट सतरा, वायर एक

नवं घर बघायला गेलेला माणूस फरशीवर टिचकी मारतो, नळ सोडून बघतो, खिडकीतून किती आकाश दिसतं याचाही अंदाज घेतो. डीबीचं, म्हणजे घरभरच्या वायरी जिथून निघतात त्या पेटीचं, झाकण मात्र उघडत नाही. 'प्लग पॉइंट भरपूर दिलेत' एवढं ऐकलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. माझं म्हणणं एवढंच, की सॉकेट मोजू नका, त्या पेटीतले एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच, मोजा. ओट्यावर सहा सॉकेट ऐटीत मिरवतात आणि मागे सगळ्यांचं लूपिंग, म्हणजे एका सॉकेटातून पुढच्यात अशी जोडणी, एकाच वायरवर, १६ अँपिअरच्या एकाच एमसीबीखाली.

सकाळचा हिशेब करू. केटल २००० वॉट, मायक्रोवेव्ह ओढतो १२००, टोस्टर ८००. झाले ४०००. २३० व्होल्टने भागलं की जवळपास साडेसतरा अँपिअर. एमसीबी ढिम्म. घरातला जाणकार लगेच म्हणतो, "बघ, काही होत नाही!" होत असतं. एमसीबीच्या पोटातली दोन धातूंची पट्टी तापून वाकायला वेळ घेते. १.१३ पटीपर्यंत, म्हणजे १८ अँपिअरपर्यंत, ती तासभर गप्प बसते. १.४५ पट, म्हणजे २३ अँपिअर झाले, की तासाच्या आत एमसीबी पडायलाच हवा. मधला सगळा मर्जीचा मामला. त्यात ७५० वॉटचा मिक्सर सुरू झाला की वीस ओलांडलेच. मग काही वेळाने खट्ट! "कुणी पाडला?" अशी आरोळी उठते आणि ज्याने शेवटचं बटण दाबलं तोच गुन्हेगार ठरतो. केटल नामानिराळी.

यावर जालीम उपाय म्हणून १६चा काढून ३२चा बसवणारे महाभाग आहेत. एमसीबी वायरला वाचवायला असतो, तुमच्या चहाला नव्हे. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२चा राखणदार बसवला की पडत काहीच नाही. वायर भिंतीत निमूट भाजत राहते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

खरं चित्र हवं असेल तर एकेक एमसीबी खाली करा आणि टेबल लॅम्प घेऊन घरभर फिरा. कोणते सॉकेट मेले ते लिहा. डीबीवरच्या चिठ्ठ्यांवर विसंबू नका. 'स्पेअर' लिहिलेल्या एमसीबीवर अर्धा हॉल निघतो. मग मेन बंद करून वायरमनकडून एखादा बोर्ड उघडवा. वायरच्या आवरणावर जाडी छापलेली असते. डीबीतून २.५ निघालेली वायर दुसऱ्या सॉकेटनंतर १.५ झालेली दिसली, तर काटकसर कुणी केली ते कळलं. एका स्क्रूखाली तीन वायरी कोंबल्या असतील आणि त्यातली एक बोटाने हलत असेल, तर जळण्याची सुरुवात तिथूनच. सॉकेटच्या भोकाभोवतीचा तपकिरी डाग हा त्याचाच.

आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की पडणारा स्विच, त्याच्यावरचं 'टी' म्हणजे टेस्टचं बटण दाबा. तत्क्षणी पडला पाहिजे. पण त्यावरून अर्थिंग चांगलं आहे असं समजू नका. ते बटण अर्थिंग नसतानाही काम करतं. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळती पकडतो, जादा लोडशी त्याला देणंघेणं नाही.

प्लॅस्टर व्हायच्या आत असाल तर हट्ट धरा. गीझरला आणि एसीला प्रत्येकी स्वतंत्र लाइन, जाड वायरसकट. ओट्याला किमान दोन. फ्रिजची वेगळी, नाहीतर टोस्टरच्या पापाची शिक्षा फ्रिज भोगणार. १६चा प्लग ६च्या सॉकेटात घुसवणारा कन्व्हर्टर घरात दिसला तर समजा, पॉवर पॉइंट चुकीच्या भिंतीवर आहे. एक्स्टेंशनने भोकं वाढतात, अँपिअर नाही.

आणि हो, वॉर्डरोबच्या मागे गेलेला सॉकेट मोजणीत धरू नका. तो आता वॉर्डरोबचा.