'उरले' म्हणजे वजाबाकीच?

शाळा उघडली की शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक पोस्ट फिरायला लागते. "'एकूण', 'मिळून', 'जास्त' दिसले की बेरीज, 'दिले', 'उरले', 'कमी' दिसले की वजाबाकी. एवढे शब्द पाठ करवा. तरी चुकले तर वाचन कच्चे समजा. आणि आधी उभ्या बेरजा पक्क्या करा, शाब्दिक उदाहरणे नंतर." यंदा मला ती तीनदा आली.

आधी शब्दांचे पाहू. 'राजूने 5 कंचे भावाला दिले, 8 उरले. आधी किती होते?' यात 'दिले' आहे, 'उरले' आहे, उत्तर मात्र बेरजेचे: 13. पोस्टीचे ऐकले तर 3. म्हणजे राजूकडे होते 3 आणि त्यातले 5 त्याने वाटले!

बेरजेच्या गोष्टीही सगळ्या एका जातीच्या नसतात. दुसरीतल्या पोरांपुढे चिंचोके टाकून बसा. 'तुझ्याकडे 5 होते, मी आणखी 3 दिले' म्हटले की 5 मांडतात, 3 मांडतात, सगळे मोजतात. '5 होते, आणखी काही दिले, 8 झाले' म्हटले की 5 मांडून 8 होईस्तोवर एकेक सरकवतात. सरकवलेले वेगळे ठेवले तर ठीक, नाहीतर "मॅडम, कोनते माहे अन् कोनते तुमचे?" आणि 'काही होते, 3 दिले, 8 झाले' म्हटले की हात हवेतच थांबतो. एका पोरीने विचारले होते, "मॅडम, पयले किती ठेवू?" अडचण नेमकी तीच. एवढ्या वयाचे पोर बेरीज की वजाबाकी ते ठरवत बसत नाही, गोष्ट जशी घडली तशी मांडते. इथे सुरुवातच झाकलेली. अमेरिकेत कार्पेंटर आणि मोझर या संशोधकांनी 1980च्या दशकात मुलांच्या याच मांडण्या बारकाईने नोंदवल्या.

उभ्या बेरजा आधी? हातचा म्हणजे काय हे माहीत नसलेली पोरंही चिंचोके मांडून उत्तर काढतात. वर पाहिलेच.

राहिले वाचन. हडसन या संशोधकाने 1983 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिलीच्या मुलांना पक्षी आणि अळ्यांचे चित्र दाखवून तोंडीच विचारले. 'पक्षी अळ्यांपेक्षा किती जास्त?' याला 64 टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले. 'किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?' याला सगळ्यांनी. मी फळ्यावर 6 बैल आणि 4 दावी काढली. "बैल दाव्यांपेक्षा किती जास्त?" अर्धा वर्ग म्हणाला, "सहा." मग विचारले, "किती बैल मोकळे राहतील?" मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, "दोन! अन् ते तुरीत घुसतीन."