अद्रक टाकून दोन चहा

आज डोकं फिरलं आहे म्हणून लिहितो. लांब होईल, ज्याला वेळ नसेल त्याने सोडून द्यावं.

सकाळी आईला घेऊन तालुक्याला गेलो होतो. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनला महिना झाला, तपासणी होती. चार दिवसांपासून तिला सर्दी, घसा बसलेला. गाडीवर वारं लागू नये म्हणून कानाला टॉवेल गुंडाळून बसवली. येताना फाट्यावर थांबलो. आधी जिथे पानठेला होता, तिथे आता चहाचं नवं दुकान झालं आहे. काचेचं, आत पिवळे दिवे, बाहेर हा एवढा मोठा बोर्ड. मी काउंटरवरच्या पोराला म्हटलं, "अद्रक टाकून दोन चहा दे. आईला जरा कडक."

पोरगा म्हणाला, "काका, जिंजर फ्लेवर देऊ की मसाला फ्लेवर?"

म्हटलं, बाबा, अद्रक. ठेचून.

त्याने खालून दोन डबे काढून दाखवले. दोन्हीतली भुकटी एकाच रंगाची. पूर्ण दुकानात अद्रकाचा एक तुकडा नव्हता! चहा आधीच करून टाकीत भरलेला. कपात तोटी सोडली, अर्धा चमचा भुकटी टाकली, ढवळली, झाला अद्रक चहा. वीस रुपये कप. आईने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "बावा, हे कायचं पानी हाय? दात घासल्यासारखं लागते."

माझी आई चहा टाकून उठली. तापात पडली असतानाही तिने कधी चहा सोडला नाही, ती बाई आज चहा टाकून उठली. चाळीस रुपये गेले त्याचं काही नाही. पण तिचा घसा दुखत होता, आणि तिला घोटभर अद्रकाचा चहा मी फाट्यावर पाजू शकलो नाही, हे डोक्यातून जात नाही.

त्यात तो बोर्ड. चौदा प्रकार लिहिले आहेत. मसाला, जिंजर, इलायची, केशर, गुलाब, पान, चॉकलेट आणि काय काय. वर मोठ्या अक्षरांत पाच हजार वर्षांची परंपरा. कोणाची हो पाच हजार वर्षं? सुंठ, मिरे, तुळस, गूळ यांचा काढा जुना आहे, मान्य. तो आपल्या आजीच्या आजीलाही माहीत होता. चहाची पत्ती मात्र आपल्याकडे अगदी अलीकडची. आसामात इंग्रजांनी मळे लावले तेच १८३० नंतर, आणि आपल्या खेड्यांत चहा पोचता पोचता आजोबा-पणजोबांचा काळ उजाडला. आज आपण जी दाणेदार पत्ती उकळतो, ती सीटीसी, तिचं यंत्र आसामात निघालं १९३० साली. पान चिरडतात, फाडतात, वळतात. म्हणून दोन उकळ्यांत रंग सुटतो आणि दूध, साखर, मसाला सगळं ती पत्ती पेलते. आणि गंमत नाही, खरं सांगतो, चहाचा प्रचार करणाऱ्या इंग्रज मंडळींना हा मसाला अजिबात नको होता. मसाला पडला की पत्ती कमी लागते, त्यांचा माल कमी खपतो. तरी आपल्या लोकांनी घातला. टपरीवाल्यांनी घातला, घरोघरच्या बायांनी घातला. त्या बायांचा हात काढून घ्यायचा, भुकटी डब्यात भरायची आणि वर परंपरा लिहायची, याचा मला राग आहे.

मला आज दिवसभर ती म्हातारी आठवते आहे.

मी पाचवीत होतो, म्हणजे १९८४ चा डिसेंबर असावा. तेव्हा कापूस सरकारच्याच खरेदी केंद्रावर, एकाधिकार खरेदीत द्यावा लागे. बाबा गाडीभर कापूस घेऊन निघाले, आणि मी हट्ट करून सोबत. केंद्राबाहेर बैलबंड्यांची ही लांब रांग. दोन रात्री आम्ही रांगेत काढल्या. गाडीत कापसावर झोपायचं, ऊब तशी खूप, पण नाकातोंडात तूस जाई आणि बाबा रात्रभर खोकत. रांगेच्या शेवटाला कडुनिंबाखाली एक म्हातारी चहा विकायची. तीन दगडांची चूल, जर्मनचा काळा पडलेला गंज म्हणजे पातेलं, पोत्यावर तीन पुरचुंड्या. एकीत सुंठ, एकीत मिरे, एकीत विलायची. तराजूचं एक किलोचं लोखंडी वजन तिच्याजवळ होतं, त्याने ती दगडावर सुंठ ठेचायची. ठक, ठक, ठक, तीन ठोके. त्या वजनाचा आवाज मला आजही ऐकू येतो.

बाबा म्हणाले, विलायची टाकून दे माय. तिने बाबांकडे पाहिलं. "खोकून रायला न तू? आन रातभर जागाचं हाय तुले. विलायची कायले? सुंठ पी." आणि दिला सुंठेचा, गुळाचा, कोरा. दूध थोडंच होतं तिच्याकडे. म्हणाली, "दूध लेकराईले, मोठ्याईले कोरा." मला दिला दुधाचा, त्यात सुंठ नखभर, कारण मला तिखट लागलं असतं. एकाच चुलीवर, एकाच गंजातून, दोन माणसांचे दोन चहा. बोर्ड नव्हता तिच्याकडे. माणूस पाहून ठरवायची.

मसाला निवडायचा तर असाच निवडतात ना? तुमच्याही घरी असंच असेल. आमच्याकडे पाऊस लागला की गवती चहा. न्हाणीच्या पाण्यावर बेट वाढलेलं असतं, तिथून दोन पाती ओढायच्या, गाठ मारायची, उकळत्या पाण्यात सोडायची. दिवाळीनंतर ओली अद्रक बाजारात येते, तेव्हापासून होळीपर्यंत अद्रक. तीही आधी पाण्यात उकळायची, मग दूध. ओल्या अद्रकात दूध फाडणारं काहीतरी असतं, कच्ची दुधात पडली की चहा नासतो, आणि उकळली की तिचा तो गुण मरतो. शाळेत कोणी शिकवलं नाही हे. आईने गंज फेकून देत शिकवलं. गुळाचंही तसंच. गूळ दुधाबरोबर उकळला तर फाटायची भीती, म्हणून खाली उतरवून मग टाकायचा. विलायची शेवटी, झाकण ठेवायच्या आधी, साल्यासकट चेचून. फार उकळली तर वास घरभर जातो, कपात राहत नाही. उन्हाळ्यात पाहुणा आला तर विलायची, नाहीतर चिमूटभर सोप, म्हणजे बडीशेप. लवंग घालायची तर एक, दुसरी पडली की चहा कडू. कलमी, म्हणजे दालचिनी, आमच्या आईला पटत नाही, ती म्हणते कलमी मटणात टाक. मला थोडी चालते. सुंठ मात्र जागरणाची आणि पडशाची. वेचणीच्या दिवसांत पहाटे बाया येतात, तेव्हा आमची मंडळी अजूनही सुंठेचाच मांडते.

पाच-सहा पुरचुंड्या आहेत, सगळ्या कळतात. त्या सगळ्या एका डब्यात कुटून बारा महिने सर्वांना तेच पाजायचं, म्हणजे मिरगात आणि माघात एकच घोंगडं पांघरल्यासारखं आहे.

कोणी म्हणेल, हा बाहेरचं काही पीतच नाही म्हणून बोलतो. तसं नाही. हैदराबादला गेलो तेव्हा इराणी चहा प्यायलो. पत्तीचं पाणी वेगळं दमावर ठेवतात, दूध वेगळं आटवतात, कपात एकत्र करतात, आणि मसाल्याच्या भानगडीत पडत नाहीत. उत्तम चहा, कारण तो जे आहे तेच सांगतो. सुरतेला बहिणीकडे पुदिना आणि गवती चहा घालून देतात, पहिल्या दिवशी विचित्र लागला, चौथ्या दिवशी मागून घेतला. पुतण्या फौजेत आहे, त्याने काश्मिरातून कहव्याचं सामान आणलं होतं. हिरवी पत्ती, केशर, बदामाचे काप, दूध नाही. तिथल्या थंडीचा चहा आहे, तिथे शोभतो. पुण्यात अमृततुल्यवाल्याकडे पितळी भांड्यात विलायची-अद्रकाचा पाहिलेला आहे, तो आपल्या चवीला जास्त गोड, पण माणूस समोर उकळत होता, समोर ठेचत होता. यातला एकही मला परका वाटला नाही. परका वाटला तो आपल्याच फाट्यावरचा, आपल्याच बाजूच्या गावच्या पोराने दिलेला.

हो, त्या पोराबद्दलही लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल त्याच्यावर का ओरडतो. ओरडलो नाही मी. पण रागाने विचारलं, की बाजारात अद्रक आहे, ठेचून टाकायला काय होते? तो म्हणाला, काका, चालत नाही. वरून डबे येतात, तेच वापरायचे, बाहेरचं काही टाकलं तर ते लोक बोलतात. बी.ए. झालेला पोरगा आहे. बापाचं दोन एकर कोरडवाहू, कापूस-तूर. दुकानाच्या अनामतीसाठी त्यांनी बैलजोडी विकली, हे त्याने स्वतःच सांगितलं, मी न विचारता. नंतर मलाच कसंतरी झालं. पोराला रोजगार आहे, दुकान स्वच्छ आहे, बायांना बसायला जागा आहे, जी पानठेल्यावर कधीच नव्हती. हे सगळं खरं आहे. आई तिथे खुर्चीवर टेकू शकली, तेही खरं. आणि भुकटी गाडीच्या प्रवासात सोबत असली तर बरी पडते, तेही धरून चला.

पण मग त्याच्या बापाची बैलजोडी कशासाठी गेली? दुसऱ्याच्या डब्यातली भुकटी ढवळायला? त्याच्या आईला चहा येत नसेल का? त्या माऊलीने ठेचलेली अद्रक या पोराच्या कपात पडू नये, असं कोणी लांब बसून ठरवतो आणि आपण ते मान्य करतो. फाट्यावर फोटो काढायला गर्दी आहे, पोट्टे पान फ्लेवर चहा पिऊन पोस्ट टाकतात. टाका बापा. पण घरी आजी सुंठ ठेचत असेल तर तिच्याजवळ दोन मिनिटं बसा आणि किती टाकते ते डोळ्यांनी पाहून घ्या, कारण तिला माप सांगता येत नाही. आमच्या आईलाही येत नाही. "अंदाजानं" म्हणते.

त्या म्हातारीकडे मी दुसऱ्या रात्री एकटाच गेलो होतो. बाबा झोपले होते, खोकला कमी झाला होता. मी म्हटलं, मलेही कोरा दे, सुंठेचा, बाबांसारखा. ती हसली नाही. म्हणाली, "तोंड पोयन." मी हट्ट धरला. तिने दिला, अर्धी बशी, बशीत फुंकून गार करून. घोट घेतला आणि कान लाल झाले माझे, डोळ्यांत पाणी आलं, पण मी संपवला. तिने पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी आमची बंडी आत गेली, कापूस मोजला, आम्ही घरी आलो. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा कडुनिंबाखाली कोणी नव्हतं. दगड होते तसेच, काळे. तिचं नाव बाबांनाही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर आईने स्वतःच चहा मांडला. मी म्हटलं तू बस, मी करतो, ऐकते कुठे. डोळ्याला गॉगल, कानाला टॉवेल, तशीच खलबत्त्यात अद्रक घातली आणि तीन ठोके दिले. दोन कप प्यायली. आता घसा मोकळा वाटतो म्हणते, झोपली आहे.

मघापेक्षा राग कमी झाला आहे. उद्या बुधवारचा बाजार आहे. अर्धा किलो ओली अद्रक घेणार आणि न्हाणीमागचं गवती चहाचं एक बेट मुळासकट उपटून पोत्यात बांधणार. फाट्यावर त्या पोराच्या दुकानामागे भांडी धुण्याचं पाणी सोडलेलं आहे, तिथे ते लागेल. त्याच्या कंपनीचा साहेब येईल तेव्हा येईल. उद्या मी त्याला चाळीस रुपये देईन आणि माझ्यासमोर अद्रक ठेचून दोन चहा करायला लावीन. एक मी पिईन, एक त्याने प्यायचा.