ते माकड शोकेससाठी केलेलं नाही

डेन्मार्कच्या लाकडी खेळण्यांबद्दल एक मजकूर सध्या भरपूर फिरतोय. वर डॅनिश डिझायनर काई बोयेसन यांच्या प्रसिद्ध माकडाचा फोटो आणि खाली साधारण असं: 'हे खेळणं नाहीच, श्रीमंतांच्या शोकेसमधली शोभेची वस्तू आहे. असलं माकड कुठलाही सुतार तासाभरात करून देईल. डेन्मार्कच्या जंगलातलं लाकूड आणि वर एक नाव, त्याचेच पैसे.' मला हे अजिबात पटत नाही.

आधी शोकेसचं बघू. हे माकड १९५१ सालचं. लहान मुलांच्या फर्निचरच्या एका प्रदर्शनासाठी कपडे अडकवायची खुंटी हवी होती, त्यातून ते सुचलं. म्हणूनच त्याचे हात इतके लांब आणि पंजे आकड्यासारखे वळलेले आहेत. माझ्याकडे वीस सेंटिमीटरचं आहे. खुर्चीच्या पाठीला एका हातानं लटकवलं की लटकतं, पायानं उलटं टांगलं तरी तसंच राहतं. खांदे फिरतात, पाय फिरतात, मान वळते. घरी आलेलं मूल ते कपाटावर ठेवत नाही, आधी कुठेतरी टांगतं. ज्या कामासाठी ते घडवलं, ते मुलाच्या हाताला न सांगता कळतं.

आणि माकड हे काही एकटंच नाही. बोयेसन यांचा डॅशहुंड कुत्रा १९३४चा, डुलणारा घोडा १९३६चा. त्या घोड्यावर मूल बसून डुलतं! त्याच काळात, १९३२पासून, डेन्मार्कमधल्याच बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्टियनसेन मुलांसाठी लाकडी खेळणी करत होते. पुढे तीच कंपनी लेगो झाली.

एक मात्र कबूल. सगळ्याच डॅनिश लाकडी आकृत्या मुलांसाठी नव्हत्या. क्रिस्टियन वेडेल यांचे १९५९चे पक्षी मोठ्यांच्या टेबलावरचेच. पण त्यांचंही डोकं हवं तसं कलतं आणि धड उलटं ठेवलं की पक्ष्याचा नूर पालटतो. हात लावायचा नाही, अशी वस्तू तीही नव्हे.

आता सुताराचा मुद्दा. यात सुताराचाही अपमान आहे. बोयेसन मूळचे चांदीचे कारागीर, जॉर्ज जेन्सन यांच्याकडे शिकलेले. त्यांच्या काटे-चमच्यांच्या संचाला १९५१मध्येच मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च पारितोषिक मिळालं. चमच्याची कड ओठाला कशी लागेल याचा आयुष्यभर विचार केलेल्या माणसाचा हात या माकडाच्या पोटावरून फिरलाय. बोटाला कुठे कोपरा लागत नाही. हात वर करून सोडला की वरच राहतो. सांधा जरा सैल झाला तर हात खाली पडेल, घट्ट झाला तर तीन वर्षांच्या मुलाला फिरवता येणार नाही. रेषेत हसू हवं, असं बोयेसन म्हणत. हुबेहूब माकड त्यांना करायचंच नव्हतं. बाकीचं मुलानं मनात भरायचं.

लाकडाचं तर सरळ चुकलंय. मूळ माकडाचं अंग सागाचं आणि चेहरा, पोट लिंबा नावाच्या फिकट लाकडाचं. साग आपल्याकडचा, आग्नेय आशियातला. लिंबा आफ्रिकेतला. डेन्मार्कच्या थंडीत यातलं काहीच उगवत नाही.

राहिलं नाव. हो, नावाचे पैसे लागतात. बोयेसन १९५८मध्ये गेले, १९९०पासून उत्पादनाचे हक्क रोसेन्डाल कंपनीकडे आहेत, आणि संग्राहकांसाठी खास आवृत्त्याही निघतात. किंमत मलाही जास्त वाटते. पण आज ते महाग विकलं जातं म्हणून १९५१मध्ये ते श्रीमंतांसाठी केलं होतं, हे कसं सिद्ध होतं? खोक्यातून न काढलेलं माकड 'उत्तम स्थितीत' म्हणून विकायला ठेवलेलं दिसतं, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. माझ्या माकडाच्या उजव्या पंज्याचा साग हाताळून गुळगुळीत, काळसर झालाय. लटकवताना सगळे त्याला तिथेच धरतात.