खुलासा: बाईचं पोषण गरोदरपणापुरतं नसतं

‘बाईच्या आहाराकडे दिवस गेल्यावर लक्ष दिलं की पुरे, आणि नर्सचं काम गोळ्या हातात देण्यापुरतं’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांतच बंद होते. तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून मूल हवं असं ठरवल्यापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड (ही नलिका नीट बंद व्हायला मदत करणारं ब जीवनसत्त्व) घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे वेळेत कानावर घालणारी बऱ्याचदा नर्सच असते.

लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो आणि घाबरून कित्येकजणी ती परस्पर बंद करतात. हा रंग निरुपद्रवी आहे, गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, हे नर्सने नीट समजावलं तर ती गोळी अंगी लागते. मला तर हेच तिचं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

पाळी सुरू झालेल्या मुलीला लोह जास्त लागतं. पाळी गेल्यावर ही गरज उतरते, पण हाडांची झीज वेग घेते. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, प्रथिनं यांची चौकशी तेव्हाही व्हायलाच हवी.