वृद्ध सेवा केंद्रातील रात्र कोण सांभाळते?

घरातील वृद्ध व्यक्तीसाठी सेवा केंद्र पाहायला जाणारे नातेवाईक बहुधा सकाळी दहा-अकराच्या सुमारास तेथे पोहोचतात. त्या वेळेपर्यंत फरशी पुसून झालेली असते, सर्वांच्या आंघोळी आटोपलेल्या असतात आणि व्यवस्थापक स्वतः हजर असतात. बाग, मंदिर, भजनाचा हॉल दाखवला जातो, महिन्याच्या पैशांचे बोलणे होते आणि नातेवाईक समाधानाने परततात. माझे मत असे आहे की, अशा संस्थेचा खरा दर्जा रात्री आठ ते सकाळी सहा या वेळेत किती माणसे कामावर असतात यावर ठरतो, आणि तेवढा एक प्रश्न आपण विचारत नाही.

माझ्या आत्याची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली, तेव्हा तिला जळगाव शहराजवळच्या एका केंद्रात ठेवण्याचा निर्णय आम्ही सर्वांनी मिळून घेतला. तिची मुले सुरतला कामाला आहेत, आणि गावच्या घरात तिला उचलून बसवणारे कोणी उरले नव्हते. पारोळा, अमळनेर, शिरपूर, शहादा या भागांतील कितीतरी घरांची आज हीच अवस्था आहे. त्यामुळे ‘आईबापाला टाकून दिले’ असा सरसकट आरोप मला मान्य नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची देखभाल हे शिकून करायचे, अंगमेहनतीचे काम आहे, आणि केवळ मायेच्या बळावर ते निभावत नाही.

काही आठवड्यांतच आत्याच्या माकडहाडापाशी कातडी लाल झाली आणि पाहता पाहता तेथे जखम झाली. एकाच कुशीवर पडून राहिल्याने हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि मांस आतून मरू लागते. माकडहाड, टाचा आणि खुबे ही त्याची नेहमीची ठिकाणे. हे टाळण्यासाठी साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. हवेची गादी मदत करते, परंतु कूस बदलण्याची जागा ती घेऊ शकत नाही. चौकशी केल्यावर कळले की, त्या मजल्यावरील अठरा जणांसाठी रात्री एकच मावशी असे. त्यांपैकी निम्म्यांची कूस बदलायची आणि प्रत्येकामागे दहा मिनिटे धरली, तरी दर दोन तासांतील दीड तास त्यातच जातो. उरलेल्या अर्ध्या तासात डायपर बदलणे, पाणी देणे, कोणाला संडासला नेणे आणि कोणी पडले तर धावणे, हे सगळे तिने करायचे. शिवाय जड अंगाच्या माणसाला सुरक्षितपणे वळवायला दोन माणसे लागतात. त्या मावशीने हयगय केली असे मी म्हणू शकत नाही. बारा तासांच्या पाळीत एका बाईवर एवढा भार टाकणाऱ्या व्यवस्थापनाने ही जखम होऊ दिली, असे मी स्पष्टपणे म्हणतो.

माणसे कमी असली की इतरही गोष्टी हळूहळू बदलतात. जे आजोबा आधार दिल्यास चालत संडासला जाऊ शकतात, त्यांना डायपर लावला जातो, आणि काही महिन्यांत त्यांचे चालणे खरोखरच बंद होते. रात्री ओरडणाऱ्या, उठून फिरणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना झोपेची गोळी देण्याकडे कल वाढतो. त्या गोळीच्या गुंगीत तोल जाऊन पडण्याचा आणि खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो, ही बाब नातेवाइकांना क्वचितच सांगितली जाते. कोणती गोळी, कोणत्या डॉक्टरांनी, कधीपासून सुरू केली, हे लेखी मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आपल्या भागात उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. वाढत्या वयात तहानेची जाणीव कमी होते, आणि परावलंबी माणसे तर ‘परत परत संडासला न्यायला कोणाला सांगायचे’ या संकोचाने मुद्दाम पाणी टाळतात. लघवी गडद होते, ग्लानी येते, बोलणे असंबद्ध होते आणि घरचे म्हणतात, आता वयामुळे असेच चालायचे. आत्याचा पाण्याचा तांब्या तिच्या निकामी झालेल्या उजव्या हाताशी ठेवलेला मी पाहिला आहे. तो डाव्या बाजूला ठेवण्यासाठी पैसे लागत नाहीत, पण तिचा कोणता हात चालतो हे लक्षात ठेवणारे माणूस मात्र लागते.

जेवणाचेही तसेच आहे. संध्याकाळी साडेसहाला जेवण आणि सकाळी आठला नाश्ता, म्हणजे मध्ये साडेतेरा तासांचे अंतर. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर एवढ्या वेळात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अर्धांगवायूच्या रुग्णाला पाठ सरळ ठेवून, सावकाश भरवावे लागते. आडवे ठेवून घाईने भरवल्यास घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. दादर ज्वारीची भाकरी वरणात मऊ कुस्करून दिली की आत्या पोटभर जेवते, पण त्या जेवणाला अर्धा तास लागतो.

त्याच केंद्रात दिवसपाळीला अमळनेरकडची एक मावशी होती. ‘काय करी ऱ्हायनी व माय?’ असे विचारत ती खोलीत आली की आत्याचा चेहरा खुलायचा. आजारानंतर आत्याच्या तोंडी जे मोजके शब्द उरले होते, ते अहिराणीच होते, आणि या मावशीला ते कळत. कुठे दुखते, लघवीला जायचे आहे का, हे तिला सर्वांत आधी समजे. पुढे जास्त पगाराची नोकरी मिळाल्यावर ती गेली, आणि तिला थांबवण्यासाठी संस्थेने काही केले नाही. माझ्या दृष्टीने त्या दिवशी केंद्राने जे गमावले, ते कोणत्याही नव्या इमारतीने भरून निघणारे नव्हते. आम्ही महिन्याला देत असलेल्या पैशांतील किती वाटा या बायकांच्या हाती पडतो, हे विचारणे मला म्हणूनच आगाऊपणाचे वाटत नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी आणि कल्याणासाठी 2007 साली झालेल्या कायद्याच्या कलम 19 मध्ये, प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांना सामावणारा वृद्धाश्रम राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने उभारावा, अशी तरतूद आहे. त्याच कलमात अशा वृद्धाश्रमांतील सेवांचे निकष ठरवण्याचा उल्लेख आहे. पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी केंद्रांनाही किमान तीन गोष्टी बंधनकारक असाव्यात, असे मला वाटते: रात्रपाळीला किती कर्मचारी आहेत याचा फलक दर्शनी भागात असावा, कूस बदलल्याची आणि दिलेल्या औषधांची नोंदवही नातेवाइकांना पाहता यावी, आणि भेटीला वेळेचे बंधन नसावे. तक्रारीसाठी 14567 ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तो क्रमांक रुग्णाच्या खाटेजवळ लावलेला असावा.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना याविषयी निवेदन देण्याचे आम्ही काही नातेवाइकांनी ठरवले आहे. ज्यांचे कोणी अशा केंद्रात आहे, त्यांनी तेथे रात्री किती जणांमागे किती कर्मचारी असतात, याची माहिती मला इनबॉक्समध्ये कळवावी. संस्थेचे किंवा कर्मचाऱ्यांचे नाव लिहू नये. शक्य असल्यास आधी एकदा रात्री नऊनंतर, न कळवता भेट देऊन स्वतः पाहून यावे.