जपानी भुताला न घाबरण्याचे खात्रीशीर उपाय

जपानी भुतांचे सिनेमे फार भयंकर असतात, बघितल्यावर रात्री एकट्याने बाथरूमला जायची सोय उरत नाही, असं तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. मनावर घेऊ नका. नीट काळजी घेऊन पाहिले तर त्यातला एकही सिनेमा तुमचं काही वाकडं करू शकत नाही. परवाच्या शनिवारी माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच टीव्हीवर, माझ्याच आग्रहावरून जमलेल्या मंडळींनी हे सप्रमाण सिद्ध केलं. सिनेमा संपल्यावर "ह्यात घाबरण्यासारखं काय होतं?" असा एकमताने ठराव झाला. मंडळींची पद्धत सगळ्यांच्याच उपयोगी पडावी म्हणून इथे देतोय.

सुरुवात दिव्यांपासून. ट्यूबलाइट चालूच ठेवायची. कुणी बंद करायला उठलंच तर "अरे, ताटात काय आहे ते दिसायला नको का?" असं म्हणायचं. जेवण सिनेमासोबतच असावं, हे ओघाने आलंच. पापड अवश्य.

हिंदी डब मिळत असेल तर तोच लावावा. मूळ जपानीत माणसं बराच वेळ काही बोलतच नाहीत. मग खोलीतले आवाज ऐकू यायला लागतात, आणि ते तब्येतीला चांगलं नसतं.

दर तीन मिनिटांनी विचारावं: "भूत कधी येणार?"

लांब केस दिसले रे दिसले की शाम्पूचा विनोद करायचा. इथे उशीर चालत नाही, दुसरा कुणी तरी करून टाकतो. एखादा शहाणा मध्येच सांगायला लागेल, की जुन्या जपानात बायका केस बांधून ठेवत आणि मोकळे सोडले जात ते मेल्यावर. अंगावरचा तो पांढरा किमोनोही प्रेताला घालतात तो. म्हणजे समोरून चालत येते आहे ती नुसती केस विस्कटलेली बाई नाही, अंत्यविधीतून उठून आलेली बाई आहे. त्याला "बरं बरं, गुगलबाबा" म्हणून गप्प करावं. नाहीतर तो १८२५ सालापर्यंत मागे जाईल. त्या साली एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, 'योत्सुया काइदान' हे काबुकी नाटक रंगमंचावर आलं. त्यात ओइवा नावाच्या बाळंतिणीला औषध म्हणून विष दिलं जातं आणि तिचा चेहरा बिघडतो. ती आरशापुढे केस विंचरायला बसते आणि फणीबरोबर केसांचे पुंजकेच्या पुंजके हातात येत राहतात. ती विंचरतच राहते. आजही हे नाटक किंवा त्यावरचा सिनेमा करायचा तर नटमंडळी आधी तिच्या देवळात जाऊन नमस्कार करून येतात, उगाच विषाची परीक्षा नको म्हणून. पण आपल्याला काय त्याचं! आपला शाम्पू तयार आहे.

"आपल्याकडची भुतं जास्त डेंजर" हे वाक्यही एकदा टाकावं. हडळीचे पाय उलटे असतात, ह्या युरेई म्हणजे जपानी भुतांना तर पायच नसतात, मग धावणार कशा? (पाय नसलेली ही भुतं अठराव्या शतकातल्या मारुयामा ओक्यो ह्या चित्रकाराच्या नावावर सांगतात. हे मी सांगितलं तेव्हा समोरून "लोणचं दे जरा" असं उत्तर आलं.)

'रिंगू' लावला असेल तर काम सोपं आहे. सिनेमा १९९८ चा. कॅसेट दिसली की "व्हीसीआर आहे का कुणाकडे आता? भूतच आऊटडेटेड!" एवढं म्हटलं की त्यातलं भूत, सादाको, निकामी. आमचे साडूभाऊ ह्यातले तज्ज्ञ. हेच साडूभाऊ दर गुरुवारी फॅमिली ग्रुपवर "हा फोटो ११ जणांना पाठवा, रात्रीपर्यंत शुभवार्ता येईल, दुर्लक्ष करणाऱ्याचं नुकसान झालं आहे" असं न चुकता टाकतात. त्याआधी हाच मजकूर पोस्टकार्डावर संतोषीमातेच्या नावाने यायचा आणि घरोघरी माणसं मुकाट्याने बसून त्याच्या प्रती काढायची. सादाकोचा शाप दुसरं काय आहे? टेप पाहिलीत, सात दिवस उरले, सुटायचं असेल तर कॉपी काढा आणि दुसऱ्याला दाखवा. सिनेमाच्या शेवटी पोराला वाचवायला निघालेली आई व्हीसीआर गाडीत टाकते आणि गाडी हाणते ती कुठे, तर स्वतःच्या वडिलांच्या घरी. मुलासाठी बाप! हा प्रसंग पडद्यावर चालू असताना साडूभाऊ काहीतरी फॉरवर्ड करत होते.

'डार्क वॉटर'ला घाबरायचं तर मुळीच कारण नाही. छताला ओल येते, एवढीच त्याची गोष्ट. "वरच्या फ्लॅटवाल्याला सोसायटीची नोटीस काढा म्हणावं" हा विनोद करावा आणि तिथून वॉटरप्रूफिंगच्या रेटवर यावं. ह्या विषयावर महाराष्ट्रातला प्रत्येक फ्लॅटधारक अर्धा तास अस्खलित बोलू शकतो. तेवढ्या वेळात बरंच काही सुखरूप निसटतं. सिनेमातल्या त्या बाईचा घटस्फोट चालू आहे. मुलीचा ताबा कुणाला, ह्यावर तिचं आयुष्य टांगलेलं आहे. पूर्वी कधीतरी मानसोपचार घेतले होते, ते आधीच तिच्याविरुद्ध उकरून काढलंय. त्यामुळे छतातून पाणी गळतंय, फेकून दिलेली लाल बॅग परत येतेय, वर कुणाची तरी पावलं वाजतायत, ह्यातलं काहीही ती मोठ्याने बोलू शकत नाही. बोलली की वेडी ठरली, वेडी ठरली की पोर गेली. बिल्डिंगचा मॅनेजर तर डागाकडे वर बघायलाही तयार नाही. हे सगळं वजा केलंत की उरतो निव्वळ ओलीचा डाग. तो आपल्या घरीही आहे.

मांत्रिक कुठे आहे ते विचारावं. आपल्या सिनेमात अस्थी सापडतात, विधी होतो, आत्मा धन्यवाद देऊन निघून जातो आणि प्रेक्षक पार्किंगकडे निघतो. 'रिंगू'तही तस्संच वाटतं. विहिरीत सादाकोचा सांगाडा सापडतो, नायिका त्याला कवटाळते, मुदत टळते, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. आणि दुसऱ्या दिवशी एका घरात टीव्ही आपोआप लागतो. सादाको त्यातून बाहेर येते तेव्हा तिच्या चालीत काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं, काय ते कळत नाही. कारण रिए इनो ही नटी प्रत्यक्षात मागे मागे चालली होती आणि चित्रण उलटं फिरवलं होतं. 'जू-ऑन'मध्ये तर ह्याच्याही पुढची गंमत. तिथे एका आजारी म्हातारीची देखभाल करायला एक स्वयंसेवक मुलगी एका शापित घरात जाते. चांगलं काम करायला! तिने कुणाचं काय बिघडवलं होतं? काही नाही, घरात पाऊल टाकलं, बस. लहानपणापासून आपला एकच भरवसा असतो, डोक्यावरून पांघरूण घेतलं की भूत काही करत नाही. त्या सिनेमात एक बाई पांघरूण उचलून आत बघते, तर भूत आतच. काहीही न करता, कसलाही गुन्हा नसताना, अंथरुणात. ह्याला उतारा काय? असं विचारत बसावं. भीती वाटायच्या आत बुद्धी वापरली की बरं पडतं.

मोबाइलवर "दस मिनिट में पूरी कहानी" बघितली तर सर्वोत्तम. भुतांचाही वेळ वाचतो.

आता सगळ्यात रामबाण उपाय. रिमोटवर एक बटण असतं. दहा सेकंद पुढे.

शनिवारी मी 'काइरो' लावला होता. २००१ चा, कियोशी कुरोसावाचा. (आकिराचा कुणी नाही. हेही तीनदा सांगावं लागलं.) त्यात एक तरुण लाल टेपने बंद केलेल्या खोलीत शिरतो. खोलीच्या पार टोकाला अंधारात एक बाई उभी आहे. ती चालायला लागते. हळू. अगदी हळू, आपल्या दिशेने. आणि मध्येच तिचं पाऊल चुकतं. एक गुडघा नको तितका खाली जातो, अख्खं अंग एका बाजूला लवतं, आता कोसळणार असं वाटतं आणि ती कोसळत नाही. तशीच सावरते, पुन्हा चालायला लागते. बस. किंकाळी नाही, रक्त नाही, ढॅण करून वाजणारं संगीत नाही. एक पाऊल चुकलं, एवढंच. मी हा सिनेमा आधी पाहिलाय, पुढे काय होणार ते मला ठाऊक आहे, तरी त्या क्षणी माझ्या हातावर काटा येतो. कारण ती ज्या तऱ्हेने सावरते, तसं जिवंत माणूस सावरत नाही. आणि हे कळायला ती येतानाचा सगळा वेळ लागतो, सगळाच्या सगळा. आधी तुम्ही वैतागता, मग कंटाळता, मग डोळे पडद्याच्या कोपऱ्यात काही आहे का ते शोधायला लागतात, आणि मग ते पाऊल चुकतं.

साडूभाऊंनी बटण दाबलं.

बाई टोकाला होती. दहा सेकंद पुढे. पोरगा सोफ्यामागे लपलेला. "अरे, आली का ती? काय झालं?" "काही नाही, स्लो होतं म्हणून पुढे घेतलं." मी म्हटलं, मागे घ्या. "जाऊ दे रे, कळलं ना, भूत आहे." कळलं! कळायचं होतं का ते? भूत आहे हे पोस्टरवरही लिहिलंय, मग दोन तास बसलात कशाला? दिग्दर्शकाने तो वेळ काय फिल्म शिल्लक राहिली होती म्हणून घातलाय? त्या बाईने एकेक पाऊल टाकायचं आणि तुम्ही ते बघायचं, एवढंच काम होतं तुमच्याकडे. नुसतं बघायचं! तेही तुमच्याच्याने झालं नाही. आणि वर मलाच विचारता, ह्यात घाबरण्यासारखं काय होतं म्हणून. जे होतं ते तुम्ही कापून टाकलंत ना!

आणि हा सिनेमा आहे कशावर, ते तरी कुणाला कळलं का? आपापल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे एकेकटी बसलेली माणसं. इंटरनेट डायल करून लागायचं त्या काळातली. ती हळूहळू बोलेनाशी होतात, आणि एक दिवस त्यांच्या जागी भिंतीवर नुसता काळा डाग उरतो. होता होता अख्खं तोक्यो रिकामं होतं. हे त्याने २००१ साली दाखवलं आणि त्याच वर्षी कान चित्रपट महोत्सवात समीक्षकांनी त्याला बक्षीसही दिलं. आणि इकडे माझ्या हॉलमध्ये सहा जण एका सोफ्यावर, मांडीला मांडी लावून, प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये. एक जण तर तिथे बसून 'काइरो एंडिंग एक्सप्लेन्ड' बघत होता. एंडिंग अजून व्हायचं होतं!

मान्य आहे, सगळेच जपानी भयपट थोर नाहीत. 'रिंगू' चालल्यावर पुढची काही वर्षं जो तो मोकळे केस आणि निळसर उजेड घेऊन धावत होता. फोनमध्ये भूत, हेअर एक्स्टेन्शनमध्ये भूत, सगळीकडे तीच पोरगी. २०१२ मध्ये 'सादाको थ्रीडी'च्या जाहिरातीसाठी सादाकोला बेसबॉलच्या मैदानावर पहिला चेंडू टाकायला पाठवलं. २०१६ मध्ये सादाको आणि 'जू-ऑन'मधली कायाको ह्यांची एकमेकींशी कुस्ती लावली. ते बघून हसलात तर मी तुमच्या शेजारी बसून हसेन, पापडही तळून देईन. पण 'काइरो' बघून, म्हणजे न बघून, "जपानी हॉरर ओव्हररेटेड आहे" असं स्टेटस टाकायचं? रात्री घरी पोचायच्या आत? अहो, तुम्ही घाबरला नाहीत ह्याचं काहीच नाही. नसेल वाटत कुणाला भीती. माझ्या आईलाही वाटत नाही, पण ती शेवटपर्यंत गप्प बसून बघते आणि मग सांगते, "त्या बाईचं लेकरू कुणी बघायला नव्हतं का रे?" हे असतं बघणं. तुम्ही बघितलंच नाहीत. तुम्ही जेवलात, फोन बघितलात, वॉटरप्रूफिंगचे रेट काढलेत आणि मधल्या वेळात टीव्ही चालू होता. दोन तास गप्प बसायची धमक नाही, अंधारात बसायची नाही, कंटाळा आला तर तो मिनिटभर सोसायची नाही, आणि म्हणे सिनेमात दम नाही!

साडूभाऊ, हे तुम्ही इथपर्यंत वाचणार नाही, ठाऊक आहे मला. दहा सेकंदांत होणारं नाहीये ते. तरी सांगून ठेवतो. पुढच्या वेळी याल तेव्हा फोन बाहेर चपलांच्या स्टँडवर, जेवण सिनेमा संपल्यावर, आणि रिमोट माझ्या मांडीखाली. जमत नसेल तर येऊ नका. ताईंना पाठवा, त्या बघतात.