बनी तो बनी, नाही तर परभणी

मुनिमाच्या फोनातून निघालेला कापूस उस्तादनं चहाच्या बशीत ठेवला आणि बशी कट्ट्याच्या मधोमध सरकवली. मसुराच्या डाळीएवढा असेल नसेल. दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट झालेला, एका कडेनं काळपट.

"घ्या मुनीम, तुमची गाठ. तोलून घ्या."

मुनीम हसला नाही. दसऱ्यापासून होळीपर्यंत जिनिंगवर रोज १७० किलोच्या गाठी मोजणारा माणूस. चिमूटभर कापसानं त्याची आठ दिवस झोप उडवली होती.

वसमत रोडला एका बंद दुकानाच्या ओट्यावर आमचं रोज संध्याकाळी जमतं. मामा रिटायर वायरमन. बारक्या डिप्लोमाला आहे आणि मोबाईलवर दुरुस्तीचे व्हिडिओ बघून बघून अर्धा मेकॅनिक झालाय, निदान त्याचं तसं म्हणणं आहे. समोरच्या टपरीत उस्ताद मोबाईल दुरुस्त करतो आणि गिऱ्हाईक नसलं की आमच्यात येऊन बसतो. मी या सगळ्यांत रिकामटेकडा.

तर झालं असं की मुनिमाचा फोन चार्ज होईना. वायर तिरकी धरली, वरून खतावणी ठेवली, की होतो. खतावणी उचलली की बंद. बारक्यानं एक नजर टाकून निकाल दिला, "सीसी बोर्ड गेला." म्हणजे फोनच्या बुडाशी चार्जिंगचं भोक ज्या बोटभर पट्टीवर असतं ती पट्टी. ऑनलाइन २१० रुपयांत मागवली आणि रविवारी मुनिमाच्या ओसरीवर फोन उघडला. बॅटरी मी धरली. फोनची नव्हे, उजेडाची.

खोटं कशाला बोलू, पोरानं काम नेटकं केलं. आधी सिमचा ट्रे बाहेर. तो आत राहिला आणि झाकण ओढलं की मोडलाच समजा. मग प्लॅस्टिकचं जुनं कार्ड कडेनं फिरवत झाकणाच्या खुंट्या टक्-टक् सोडवल्या. झाकण एकदम उचललं नाही, पुस्तक उघडावं तसं अर्धं उघडून आत बघितलं; कारण बोटाचा ठसा घेणारी बारीक पट्टी झाकणाला चिकटलेली असते आणि घाईत तीच पहिली फाटते. मग स्क्रू. इथं मुनीम कामाला आला. त्यानं रोजमेळाच्या कोऱ्या पानावर फोनचा आकार काढला, चिकटपट्टी लावली आणि निघेल तो स्क्रू त्याच्या त्याच्या जागी चिकटवून समोर आकडा टाकला. वरचे सात, खालचे सहा. एकूण १३ जमा.

हे पाहून मला माझं पाप आठवलं. चार वर्षांपूर्वी मी माझ्या जुन्या फोनचा कानाचा स्पीकर घरी बदलला होता. स्क्रू मसाल्याच्या डब्यात ठेवले, वाटीवाटीनं. दिसायला सगळे सारखे. पण त्यांतला एक केसभर लांब होता, आणि तो आखूड स्क्रूच्या भोकात गेला. शेवटी जरा जड फिरला तेव्हा थांबायचं, तर मी आणखी पिळला. फोनचा बोर्ड म्हणजे पापुद्र्यासारखे थरावर थर असतात आणि प्रत्येक थरात तांब्याच्या रेघा. माझ्या स्क्रूनं त्या रेघा कापल्या. फोन पुन्हा उठला नाही. स्पीकर मात्र नवा होता.

रविवारी तसं काही झालं नाही. बारक्यानं पहिल्यांदा बॅटरीची पिन काढली, मग बाकीच्या. पट्टी बदलली, सगळं टिचबटणासारखं दाबून बसवलं, १३ स्क्रू नावे टाकले, फोन चालू. वायर खट्कन बसली, चार्जिंगचं चिन्ह आलं. मुनिमाच्या बायकोनं पोहे दिले.

पोहे खाऊन होईपर्यंत फोनची रेंज गेली होती.

सोमवारी फोन उस्तादच्या टेबलावर. त्यानं झाकण काढलं, आत बघितलं आणि नखानं एका जागी दाबलं. टक्. रेंज आली. काळी, शिवणाच्या दोऱ्याएवढी वायर. वरच्या बोर्डापासून खालच्या पट्टीपर्यंत जाते. बऱ्याच फोनचा अँटेना खालच्या बाजूला असतो, त्याची ही वायर. तिचं टोक टिकलीएवढं. बसलं असं वाटतं आणि बसलेलं नसतं.

पण उस्ताद तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं विचारलं, "जुना बोर्ड कुठाय?" मुनिमानं खिशातून कागदात गुंडाळलेला काढला. उस्तादनं भिंग लावलं, लाकडी दातकोरणं घेतलं आणि भोकातून तो नमदा बाहेर काढला. वायर लावून बघितली. खट्. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. शर्टाच्या खिशात फोन तोंड खाली करून ठेवायची मुनिमाची सवय, खिशाच्या तळाशी कापसाचा भुगा, आणि रोज रात्री वायर खुपसून तोच भुगा आत ठासायचा. खतावणीच्या वजनानं वायर तेवढी टेकत होती.

इथून भांडण सुरू झालं.

"आता बोला," उस्ताद म्हणाला. "काहून उघडला फोन?"

बारक्या लाल झाला, पण पोरगं हटणारं नाही. "वायर हलवून बघितली, चार्जर बदलून बघितला. बोर्डच वाटला मला."

"टॉर्च मारून भोकात बघितलं का?"

"…"

"इत्ती सी बात. बघितलं नाही."

मामा मध्ये पडले. "अरे, चुकला आसंल. पण पोरानं उघडला, बसवला, चालू केला का नाही? एक वायर ढिली राहिली, तिचं का एवढं? मी बत्तीस वर्षं खांबावर चढलो. पहिल्या वर्षी तीनदा फ्यूज चुकीचा बसवला. माणूस आसंच शिकतंय."

"मामू, तुमच्या खांबावर चूक झाली तर तुम्हाला झटका. इथं चूक झाली तर मुनिमाचा फोन. शिकणार हा, आणि फी कोण भरायलंय?"

हा मुद्दा मला पटला. मुनीमही इथं पहिल्यांदा बोलला. "माझा सगळा व्यवहार त्यात हाय. पार्ट्यांचे नंबर, पावत्यांचे फोटो. हा म्हणाला का, आधी दुसरीकडं कॉपी काढून ठेवा म्हणून? नाही म्हणाला. मीबी नाही विचारलं." स्क्रू जमा-नावे करणारा मुनीम खुद्द वहीचीच नक्कल काढायला विसरला, असं मी म्हणणार होतो. नाही म्हणालो.

बारक्यानं मोर्चा उस्तादकडं वळवला. "तुम्ही कुठं शिकलाव? कोर्स केला होता का?"

"हौ. तीन बादल्या."

उस्ताद शिकाऊ होता तेव्हा त्याच्या मालकानं मेलेल्या फोनच्या तीन बादल्या समोर ठेवल्या होत्या. उघडायचे, परत बसवायचे, चालू होणार नाहीतच, पण एकही स्क्रू उरता कामा नये. चार महिने तेच. पाचव्या महिन्यात पहिला जिता फोन हातात आला. "तू डायरेक्ट जित्याला हात घातलास मियाँ."

"मग आणून देतो की बादली. कुठं मिळती?"

"माझ्याकडं हाय. ये रोज सातला."

इथं भांडण मिटायला पाहिजे होतं, पण मामांना मिटवायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. आमच्या वेळी फोन उघडायला उस्ताद लागत नव्हता. २००३ साली आलेला नोकिया ११००. अंगठ्यानं झाकण सरकवलं की बॅटरी हातात. भिजला तर उघडून उन्हात ठेवायचा. "आता फोन घ्यायचा आपण, पैसे द्यायचे आपण, आन उघडायला परवानगी दुसऱ्याची?"

उस्तादनं कबूल केलं की चिकटवलेल्या फोनचा त्यालाही वैताग आहे. मुनिमाचा स्वस्तातला होता, प्लॅस्टिकच्या खुंट्यांचा. महाग फोनची पाठ काचेची आणि गोंदानं चिकटवलेली. ती गरम केल्याशिवाय सुटत नाही, आणि परभणीच्या जानेवारीत तर गोंद दगड होतो. बारक्या म्हणाला, घरी गुडघे शेकायची रबरी पिशवी असते ना, तिच्यात गरम पाणी भरून पाठीवर ठेवायची. आम्ही हसलो. उस्ताद हसला नाही. "बराबर हाय. हीट गनपेक्षा बरं. पिशवीनं बॅटरी भाजत नाही." मग थांबून म्हणाला, "पण एकदा उघडला की पाण्याचं सील गेलं. परत चिकटवला तरी पहिल्यासारखा राहत नाही. हे कुणी सांगत नाही व्हिडिओत."

"कंपन्या म्हणतात, पातळ करायचा, पाणी आत जाऊ द्यायचं नाही, म्हणून चिकटवतो," मी म्हणालो.

"आन पार्ट महाग विकायचा म्हणून," मामा म्हणाले. दोन्ही खरं असावं, असं माझं मत आहे.

बारक्यानं मग कायद्याचं काढलं. सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, कंपन्यांनी त्यावर दुरुस्तीची माहिती द्यावी म्हणून. आणि युरोपात २०२३ साली कायदा झालाय. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथं विकल्या जाणाऱ्या वस्तूंतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. पळवाटा आहेत त्यात, पण आलाय.

"युरोपाचं युरोपात राहू दे. परभणीत का?" मुनीम.

"जर्मनी युरोपातच हाय ना?" मामांनी विचारलं. "मग झालं. जगात जर्मनी, भारतात परभणी. तिथं आलं की हितं यायलाच पाहिजे."

यावर एक चहा झाला.

चहात उस्तादनं आणखी एक गोष्ट दाखवली. बारक्याची २१० रुपयांची पट्टी आणि मुनिमाची जुनी, शेजारी शेजारी. लांबून जुळ्या बहिणी. भिंगातून बघितलं तर जुनीवर दोन-तीन काळे ठिपके, म्हणजे बारीक पार्ट, जास्त होते. तेवढे नसले की फोन चार्ज होतो, पण सावकाश. फास्ट चार्जिंग होत नाही. शिवाय फोनचा माईकही याच पट्टीवर असतो. रेंज आल्यापासून मुनीम फोनवर रांजणातून बोलल्यासारखा ऐकू येत होता, ते आम्हाला थंडीमुळं वाटलं होतं. उस्तादनं जुनीच पट्टी परत बसवली. पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला, "भोक साफ करायला सुई वापरू नका. आत मधी पातळ जीभ असती, तिच्यावर बारीक बारीक पिना. फोन बंद करा आन लाकडी काडी घ्या."

"म्हणजे घरी काही करूच नये?" बारक्या अजून चिडलेला होता.

"करा की. पण आधी बघा. माझ्याकडं येणाऱ्या 'चार्जिंग होईना'त कितीतरी असेच निघतात. कापूस, पीठ, तंबाखू. एका मास्तरच्या फोनात खडू निघाला. स्पीकर, पट्टी, व्हायब्रेटर… पार्ट सुटा आसंल, नुसता दाबून बसत आसंल, तर करा घरी. जिथं सोल्डर आलं तिथं हात नक्को. आन बॅटरी फुगलेली आसंल तर…"

"बॅटरीचं का एवढं? चार व्होल्ट!" मामा म्हणाले. "मी २३० च्या तारा हातानं…"

"मामू, तीच गल्लत हाय. तुमची तार झटका देती म्हणून माणूस भितो. ही झटका देत नाही म्हणून माणूस फसतो. आत दोन थरांच्या मधी केसाहून पातळ पडदा हाय. स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागलं, पडदा फाटला, की आतल्या आत शॉर्ट. मग धूर, मग जाळ."

"आमचा बी फोन उघडायचा होता मला," मामा जरा खालच्या आवाजात म्हणाले. "पाठ जराशी उचललीय. फेव्हिक्विक लावलं होतं, परत निघालं. घरी पक्कड घेऊन बसणारच होतो आज."

त्यांनी कोपरीच्या खिशातून फोन काढून ओट्यावर ठेवला. ओटा शहाबादी फरशीचा, सपाट. फोन त्यावर ठेवला आणि तो डुलला. भोवरा थांबायच्या आधी डुलतो तसा. पाठीचं झाकण मधून फुगलेलं, एका कडेला नख जाईल एवढी फट.

उस्तादच्या हातातला कप तसाच राहिला.

"हा छातीशी घेऊन फिरायलाव तुम्ही?"

"महिना झाला आसंल."

"चार्जिंग किती हाय?"

मामांनी डोळे बारीक करून बघितलं. "बारा टक्के."

"बरं हाय. कमी हाय तेच बरं हाय. बंद करा. दाबू नका मियाँ, वरून दाबू नका! बारक्या, समोर बांधकामाची वाळू हाय, डबाभर आण. पत्र्याचा डबा. प्लॅस्टिकचा नाही."

बारक्या पळाला. मुनीम ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. उस्तादनं फोन दोन बोटांनी कडेला धरून वाळूवर आडवा ठेवला आणि डबा टपरीबाहेर, भिंतीपासून लांब, सरकवला. म्हणाला, उद्या उजेडात बघतो, आज रात्री याला कुणी शिवायचं नाही.

मामा डब्यात वाकून बघत राहिले.

"आरं, पण सिमकार्ड तर काढू दे. सकाळी गॅसवाल्याचा ओटीपी येणार हाय."